आधी त्या परभणीच्या मुलाला सांगा

मावशी, सप्रेम नमस्कार.

पुण्यात नवी पेठेत माझी मेस आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पस्तीस-चाळीस मुलं-मुली माझ्याकडे दोन्ही वेळ जेवतात. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मला फुफ्फुसाचा टीबी निघाला. त्याआधी दीड महिना मी खोकला अंगावर काढला आणि तशीच पोरांना वाढत होते. कळल्यावर मेस महिनाभर बंद ठेवली, सगळ्यांना सांगितलं मणक्याचं दुखणं आहे. मुलगी तेव्हा अकरावीत होती. तिला दोन महिने साताऱ्याला मामाकडे धाडलं, खरं कारण सांगितलं नाही. आता ती एकोणीसची आहे. तिला कळलं असावं, पण विषय कधी निघाला नाही. सासूबाईंनी माझं ताट-वाटी वेगळी केली, ती औषधं संपल्यावरही बरेच दिवस वेगळीच होती. मी सहा महिन्यांत गोळीचा एक दिवस चुकवला नाही. पूर्ण बरी झाले.

आता महापालिकेच्या दवाखान्यातल्या ताई म्हणतात, २४ मार्चला, जागतिक टीबी दिनाला, इथल्याच एका अभ्यासिकेत कार्यक्रम आहे, तुम्ही दहा मिनिटं बोला, पोरांना धीर येईल. मलाही बोलावंसं वाटतं. मला तेव्हा कोणी सांगणारं भेटलं असतं तर मी रात्र रात्र रडले नसते. पण हे म्हणतात, मेस बसेल. सासूबाई म्हणतात, पोरीचं लग्न व्हायचंय, झाकली मूठ राहू दे. मागच्या वर्षी भिशीत धीर करून सांगितलं होतं. शेजारच्या बाईंनी हातातला चहा अर्धाच खाली ठेवला. पुढची भिशी माझ्याकडे होती, ती परस्पर दुसरीकडे ठरली. त्यानंतर कितीतरी रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

आणि आणखी एक. परभणीकडचा एक मुलगा माझ्या आजारपणाच्या आधीपासून माझ्याकडे जेवतो. तीन आठवडे झाले, खोकतोय. एक पोळी खाऊन उठतो. गालफडं बसलीत. माझ्यामुळे तर नसेल ना, मावशी?

मी बोलावं का? बोलले तर काय बोलावं?

एक मेसवाली काकू, नवी पेठ

*

ताई,

तुमचा प्रश्न २४ मार्चचा आहे, पण पत्र संपतं त्या परभणीच्या मुलापाशी. म्हणून मीही तिथूनच सुरू करते. हे उत्तर तुमच्या हाती पडेल त्या रात्री तो जेवायला येईल, त्याच रात्री त्याच्याशी बोला. कार्यक्रमाची वाट बघू नका.

दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, त्यात मेलेली भूक आणि उतरलेलं वजन. एवढं असलं की तपासणी करायचीच. संध्याकाळची कणकण किंवा रात्री दरदरून घाम येत असेल तर एक दिवसही घालवायचा नाही. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, म्हणून तर तुम्ही त्याला ओळखलंत. त्याच्या खोलीत कॉट बेसिसवर राहणारी पोरं रोज त्याच्या शेजारी झोपतात, अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी दिवसभर बसतं, त्यांच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याने पोळ्या किती खाल्ल्या हे मोजणारं त्याच्याजवळ या शहरात तुमच्याशिवाय कोणी नाही.

सगळी जेवून गेली की त्याला थांबवा. भाषण नको. खोकला कधीपासूनचा, ताप येतो का, एवढं विचारा. तो म्हणेल, "काही नाही काकू, हवा बदलली ना." मग तुमचं खरं सांगा: "मीही असंच म्हणत होते. दोन वर्षांपूर्वी मेस बंद होती ना, तो मणका नव्हता रे, टीबी होता. सहा महिने गोळ्या घेतल्या, बरी झाले. उद्या सकाळी आपण दोघं दवाखान्यात जाऊ." त्याला 'जा' म्हणू नका, 'जाऊ' म्हणा. या दोन शब्दांत फार फरक आहे. गावाहून आलेला मुलगा केसपेपरच्या खिडकीपर्यंत जातो आणि पुढे ओळखीचं कोणी दिसलं की मागे फिरतो.

तो का लपवतोय याचा मला अंदाज आहे, कारण या पेठांमधल्या मुलांची पत्रं मला येतात. वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून किंवा कर्ज काढून त्याला पुण्याला ठेवलेलं असतं. आजाराचं कळलं तर घरचे परत बोलावतील, एक वर्ष फुकट जाईल, परीक्षा हातची जाईल. हे त्याच्या डोक्यात तापापेक्षा जास्त तापत असतं. म्हणून त्याला धीर देताना 'घाबरू नकोस' एवढंच म्हणून भागणार नाही. नेमकं सांगा. तपासणीला आणि औषधाला सरकारी दवाखान्यात एक रुपया लागत नाही. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये थेट बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४पर्यंत ते ५०० होते. साधा टीबी सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. नीट औषध सुरू झालं की बहुतेकांचा संसर्ग पसरवणं साधारण दोन-तीन आठवड्यांत थांबतं. तोवर मास्क, उघड्या खिडक्या आणि खोकताना तोंडावर रुमाल. अभ्यासिकेत परत कधी बसायचं ते डॉक्टर सांगतील, पण पुस्तकं मिटायची वेळ येत नाही. तुम्ही एका महिन्याने तव्यापाशी परतलात हे त्याला ऐकू दे.

बेडका कसा द्यायचा तेही सांगून ठेवा. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडका लागतो. लाजेने पोरं डबीत नुसती लाळ थुंकून येतात आणि रिपोर्ट कोरा आला की खूश होतात.

आता तुमचा तो शेवटचा प्रश्न. माझ्यामुळे तर नसेल ना?

ताई, हे कोणीही सांगू शकणार नाही. टीबीचा जंतू हवेतून जातो, आणि तुम्ही दीड महिना एका खोलीत खोकत वाढत होतात, हे खरं आहे. ते मी पुसून टाकत नाही. पण हेही तितकंच खरं आहे की जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण पाव भाग एकट्या भारतात आहेत. तो मुलगा एसटीत बसला, वसतिगृहात राहिला, बंद खिडक्यांच्या खोलीत झोपला. आणि जंतू शरीरात गेलेल्या दहा माणसांपैकी साधारण नऊ जणांना हा आजार आयुष्यात कधीच होत नाही, शरीर त्याला कोंडून ठेवतं. उरलेल्याला तो काही महिन्यांत होतो, नाहीतर दोन वर्षांनी, कधी वीस वर्षांनीही. त्याने उद्या तोंडावर विचारलं, "काकू, तुमच्याकडूनच आला का?", तर "असेलही, नसेलही. मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे म्हणून तुझ्यासोबत आले," असं सांगा. एवढं सांगायला खूप धैर्य लागतं, मला कल्पना आहे. पण मनात ही भीती दाबून तुम्ही अभ्यासिकेत माईक हातात घेतलात आणि तो मुलगा मागच्या रांगेत खोकत बसलेला असला, तर तुमच्या तोंडून शब्द निघणार नाही.

तपासणीत टीबी निघाला तर त्याच्या खोलीतल्या मुलांची चौकशी आणि तपासणी दवाखान्याचे लोक करतील, ते त्यांचं कामच आहे. तुम्ही मेसमध्ये कोणाला काही सांगायचं नाही. तुमचं दुखणं तुम्ही सांगू शकता, त्याचं त्याने सांगायचं.

त्याच्यानंतर तुमची मुलगी.

इथे मला माझ्या घरातलं सांगावं लागेल. १९७१ साली मी सात वर्षांची होते. कसब्यात आमचा वाडा, दोन खोल्या. बाबा छापखान्यात कंपोझिटर होते. त्या वर्षी ते अचानक बाहेरच्या ओटीवर झोपायला लागले. त्यांचा कप वेगळा झाला. पितळेचा, कान नसलेला, मोरीच्या वरच्या खिळ्यापाशी फळीवर एकटा ठेवलेला असायचा. आम्ही भावंडं जवळ गेलो की ते हाताने लांब करायचे, तोंड फिरवायचे. मांडीवर घेणं बंद झालं. मला वाटायचं, मी काहीतरी वाईट वागले असणार. मी आठवून आठवून माझे अपराध शोधायचे. दोन वर्षांनी कप परत आमच्या कपांत आला, पण मांडीवर बसायचं माझं वय निघून गेलं होतं. बाबा गेले १९९८ साली. तेराव्यानंतर आईने फळी पुसताना सहज सांगितलं, "तेव्हा ह्यांना छातीचं झालं होतं गं. तुम्हाला होऊ नये म्हणून जीव टाकायचे." सत्तावीस वर्षं मी मनात जे धरून बसले होते ते असं एका वाक्यात सुटलं, आणि ते वाक्य ज्याने बोलायचं तो माणूस आता नव्हता.

तुमची मुलगी सोळा-सतरा वर्षांची असताना तुम्ही तिला साताऱ्याला धाडलंत. तिच्यावरच्या मायेपोटी धाडलंत. पण तिला ती माया दिसली की दूर लोटणं दिसलं, हे तुम्हाला आज माहीत नाही. तिला कळलं असावं, असं तुम्ही लिहिता. कळलं असेल तर ते कोणाकडून, कोणत्या शब्दांत? तुमच्या तोंडून ऐकायच्या आधी तिने तुमची गोष्ट अभ्यासिकेत, शंभर पोरांबरोबर ऐकू नये. या रविवारी तिला घेऊन बसा. सारसबागेत न्या, पर्वतीच्या पायऱ्या चढा, घराबाहेर कुठेही. तिला साताऱ्यात काय वाटलं ते आधी विचारा आणि ती बोलत असताना मध्ये काही समजावू नका. मग तुमचं सांगा. तुम्ही चारचौघांत बोलावं की नाही, यावर तिचं मत विचारा, आणि ती नको म्हणाली तर काही दिवस तरी थांबा. एक कामाची गोष्टही: त्या वेळी तिची तपासणी झाली होती का? रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांची तपासणी व्हायला हवी असते आणि गरज असेल त्यांना आजार होऊ नये म्हणून आधीच गोळ्या देतात. ती साताऱ्याला असल्यामुळे राहून गेली असेल तर आता करून घ्या.

लग्नाचं म्हणाल, तर टीबी आनुवंशिक नाही. आई टीबीतून बरी झाली म्हणून मुलीच्या अंगात काही येत नाही. तरीही एखादं स्थळ परत जाईल का? जाऊ शकतं. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. पण या गोष्टीवरून परत जाणाऱ्या घरात, पुढे तुमची मुलगी स्वतः आजारी पडली तर तिचं काय होईल, याचा विचार सासूबाईंनीही करावा.

सासूबाईंबद्दल मला थोडं वेगळंच वाटतं. त्या लग्नाचं नाव घेतात, पण त्यांची खरी भीती त्या ताट-वाटीची असेल. सून चारचौघांत बोलली तर त्या गोष्टीत आपण कशा दिसू? ज्या वयात त्यांनी टीबी पाहिला त्या वयात भांडी वेगळी करणं हीच काळजी होती. माझ्या आईनेही तेच केलं. खरं तर १९५९ सालीच मद्रासच्या एका अभ्यासाने दाखवून दिलं होतं, की घरीच राहून औषध घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णांच्या जवळजवळ इतकेच बरे होतात आणि त्यामुळे घरच्यांचा धोका वाढत नाही. पण ते आमच्या वाड्यापर्यंत १९७१ सालीही पोचलं नव्हतं. टीबी ताटातून, वाटीतून, कपातून पसरत नाही. सासूबाईंना हे सांगा, पण चूक दाखवून देण्यासाठी नको. आणि त्यांना शब्द द्या, की ताटाची गोष्ट तुम्ही त्यांच्या परवानगीशिवाय कुठेही सांगणार नाही. ती तुमच्यावर बेतलेली असली तरी त्यांचीही आहे. कोण जाणे, कधीतरी त्या स्वतःच सांगतील.

यजमानांची भीती मात्र मी हलकी मानत नाही. पस्तीस-चाळीस ताटांवर तुमचं घर चालतं. तुम्ही बोललात तर काही पोरं मेस सोडतील. भिशीतल्या त्या अर्ध्या कपाने तुम्हाला ते दाखवलंच आहे. बरं झाल्याचा डॉक्टरांचा दाखला घरात असू द्या, कोणी विचारलं तर दाखवता येईल. पण दाखल्याने भीती जात नाही, हे आपल्याला दोघींनाही माहीत आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. या २४ मार्चला त्या अभ्यासिकेत बोलू नका.

तुम्ही बोलू नये, असं मी म्हणत नाही. तुम्ही बोलायलाच हवं. पण जिथे बसलेल्यांपैकी निम्मी पोरं रात्री तुमच्याच पाटावर जेवायला येणार, तिथे पहिल्यांदा नको. भिशीचं आठवा. तिथेही तुम्ही ऐकायला न आलेल्या माणसांना सांगितलं होतं. त्या चहा-फराळाला आल्या होत्या, तुमचं दुखणं ऐकायची त्यांची तयारी नव्हती, आणि त्याची झळ तुम्हाला कित्येक रात्री लागली. दवाखान्यातल्या ताईंना सांगा: मला आधी त्यांच्याशी बोलू द्या ज्यांच्या गोळ्या चालू आहेत. टीबीतून उठलेल्या माणसांना शिकवून 'टीबी चॅम्पियन' म्हणून रुग्णांशी बोलायला पाठवायची पद्धत सरकारी कार्यक्रमातच आहे, ताईंना ते माहीत असणार. गोळ्या न्यायला आलेली पाच माणसं, एक बाकडं, वीस मिनिटं. सुरुवात तिथे करा.

त्या बाकड्यावरच्या माणसांना तुमच्याकडून काय हवंय, ते त्यांच्या जागी बसून बघा. पहिल्या आठवड्यात लघवी केशरी झाली तेव्हा तुमच्या पोटात कसा गोळा आला होता? गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाने ती तशी होते, त्यात भ्यायचं काही नाही. पण आधी कोणी सांगितलं नसेल तर माणूस रक्त समजून गोळ्याच बंद करतो. सकाळी गोळ्या घेतल्यावर मळमळायचं तेव्हा तुम्ही पोळ्या कशा लाटल्यात? कोणाला सांगितलंत, कोणाला नाही? आणि सगळ्यात महत्त्वाचा तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याचा काळ. पहिले दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन, असा हा कोर्स असतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन चढतं, माणसाला वाटतं झालं की आता. तिथेच पुष्कळ जण सोडतात, आणि मग तो आजार औषधांना न जुमानणारा होऊन परत येऊ शकतो. तुम्हाला तेव्हा सोडावंसं वाटलं होतं का? मला खात्री आहे, एखाद्या सकाळी वाटलं असणार. त्या सकाळी काय झालं, कशाने गोळी तोंडात गेली, ते सांगा. समोर तिसऱ्या महिन्यातला जो बसला असेल त्याला तुमची तेवढीच सकाळ हवी आहे. डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या झाल्या, नजर अंधूक झाली असं कोणी सांगितलं तर मात्र "मलाही झालं होतं, होतं बरं" असं म्हणायचं नाही. थेट डॉक्टरकडे धाडायचं. औषधाचा सल्ला त्यांचा.

एक वाक्य मात्र सांगू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे: 'मी जिद्दीने टीबीला हरवलं.' कार्यक्रमात तुमची ओळख करून देणारे हेच म्हणतील, टाळ्या पडतील, तुम्हालाही बरं वाटेल. पण ज्याचा टीबी औषधांना दाद देत नाहीये, ज्याची बहीण या आजाराने गेली, तो त्या टाळ्यांत बसून मनात म्हणेल, मग आमची जिद्द कमी पडली का?

आपल्या पुण्याला तरी हे नव्याने सांगायला नको. थोरले माधवराव १७७२ साली थेऊरला चिंतामणीच्या देवळात क्षयाने गेले तेव्हा २७ वर्षांचे होते. पानिपतानंतर मोडलेलं राज्य त्यांनी परत उभं केलं होतं. आनंदीबाई जोशींनी १८८६ साली फिलाडेल्फियाला जाऊन डॉक्टरकी मिळवली आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ला, पुण्यात त्यांनी प्राण सोडला, क्षयानेच, बावीसही पूर्ण नव्हती. यांच्यापाशी जिद्द नव्हती? रॉबर्ट कॉखने हा जंतू ओळखल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं तो दिवस २४ मार्च १८८२, म्हणून तर तुमच्या कार्यक्रमाची तारीख ती. आनंदीबाई गेल्या तेव्हा जंतू कळून पाच वर्षं होत आली होती, पण त्यावर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ साली. त्यांना जे मिळालं नाही ते तुम्हाला मिळालं, फुकट, नवी पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तुमची जिद्द होती ती रोज सकाळी गोळी घेण्याची. हे असं सांगा. ऐकणाऱ्याला वाटेल, एवढं तर मलाही जमेल.

आणखी थोडं. कोणी मोबाईल वर केला तर बोलणं थांबवा आणि खाली ठेवायला सांगा. चित्रफीत एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की तुमच्या मुलीच्या कॉलेजात संध्याकाळपर्यंत पोचते. ताईंना हे आधीच सांगून ठेवा, त्या सांभाळतील. काय बोलायचं नाही तेही घरून ठरवून जा. विचारलं तरी "ते मी सांगणार नाही" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. रडू आलं तर येऊ दे, पाणी प्या, पुढे बोला. पण त्या रात्री एकट्या झोपू नका, मुलीला जवळ घ्या. भिशीनंतर जे झालं ते पुन्हा होऊ लागलं, रात्रीमागून रात्री झोप गेली, तर काही महिने सांगणं बंद. तुम्ही कोणाचं देणं लागत नाही.

तुम्ही एका गोष्टीचा पत्रात उल्लेखही केला नाहीत, ते मला खटकलं. तुमचा स्वयंपाक. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांच्या घरच्यांना दर महिन्याला पोषक शिधा देऊन एक मोठा अभ्यास झाला, तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या त्या शिध्याने घरातल्या माणसांत नवा टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झालं. उपाशी शरीरात हा आजार लवकर पाय पसरतो. तुमच्याकडची पोरं पैसे वाचवायला एक वेळचा डबा बंद करतात आणि वडापाववर दिवस काढतात, हे तुम्ही रोज बघता. त्यांना रागवायचा तुमच्याइतका अधिकार कोणाचा नाही. वाटीभर डाळ जास्त वाढताना, शेंगदाण्याची चटणी पुढे सरकवताना "खा रे, छातीला लागतं" म्हणा. पुढे कधीतरी एखादा विचारेल, "काकू, छातीचं एवढं का म्हणता तुम्ही?" त्या दिवशी तुमच्याच मेसमध्ये, त्या एकाला, तुम्हाला वाटलं तर सांगा.

पण ते पुढचं. आज रात्री तो परभणीचा मुलगा. सकाळी बेडका दिला की त्याला रिकाम्या पोटी ठेवू नका, दोन पोळ्या खायला घाला. रिपोर्ट आला की मला कळवा. निगेटिव्ह आला तरी कळवा, मी वाट बघतेय.

तुमची,
मावशी